वाचकांचे प्रश्न : खांदा, कोपर आणि मणका

साखर कारखान्यांचे पट्टे पडले, म्हणजे हंगाम संपला, ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं परतल्या की या सदराच्या टपालात कंबर आणि खांदा पुढं सरकतात. या वेळची सात पत्रं त्यातलीच. पत्रं आखूड केली आहेत, नावं छापलेली नाहीत. कागदावरचं उत्तर म्हणजे तपासणी नव्हे. पण कशासाठी सहा आठवडे थांबता येतं आणि कशासाठी रात्रीच गाडी काढावी लागते, एवढं यातून ठरवता यावं.

वय ५२. आठ वर्षांपासून साखर आहे. चार महिने झाले, उजवा खांदा दुखतो. वेणी घालता येईना, हात पाठीमागं जाईना, त्या कुशीवर झोप नाही. एक्स-रे चांगला आला. डॉक्टर फ्रोझन शोल्डर म्हणाले आणि सांध्यात इंजेक्शन घ्या म्हणाले. शेजारच्या बाया म्हणतात वात आहे, तेल लावून ओढून मोकळा करून घ्या. इंजेक्शननं साखर वाढते असंही ऐकलं. काय करावं? — एक वाचक, अंबड

ताई, ओढून घेऊ नका. बाकीचं सावकाश बघू.

खुब्याचा सांधा खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याचं तसं नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याच्या हाडाची वाटी उथळ. एका वेळी गोळ्याचा पाव ते तिसरा हिस्साच वाटीला टेकलेला असतो. म्हणून हात चहूकडं फिरतो, आणि म्हणूनच गोळा जागेवर धरून ठेवायचं काम हाडांऐवजी चार लहान स्नायूंच्या कंडऱ्यांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांना), म्हणजे रोटेटर कफला, आणि सांध्याभोवतीच्या पातळ पिशवीला करावं लागतं. तुमच्या आजारात ही पिशवी सुजते, जाड होते आणि आक्रसते. हाडं जागच्या जागी असतात, त्यामुळं एक्स-रे चांगला दिसतो. तरी तो काढावाच लागतो, कारण सांध्याची झीज, कंडऱ्यात साठलेलं कॅल्शियम किंवा फिट आल्यानंतर मागच्या बाजूला निखळलेला खांदा, हेही वरवर असंच वागतं.

निदान घरी पडताळून बघता येतं. दोन्ही कोपरं बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजे बाहेरच्या बाजूला न्या. डावा सहज जाईल, उजवा अडेल. आता तुमचा हात सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तरी तो हलक्या हातानं बाहेर फिरवू द्या. दुसऱ्यानं फिरवूनही तिथंच अडत असेल तर पिशवी आक्रसली आहे. याउलट दुसऱ्यानं उचलला की हात वर जातो, पण सोडला की तुम्हाला तो धरून ठेवता येत नाही, असं असेल तर कंडरा फाटल्याची शंका घ्यावी; त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो आणि उपचाराची वाटही निराळी आहे. हा साधा फरक न बघता नुसत्या ‘खांदेदुखी’च्या गोळ्या चालू राहतात, हे फार होतं.

आजार तीन टप्प्यांनी जातो. आधी दुखणं वाढत जातं. दीड महिना ते नऊ महिने. मग दुखणं ओसरतं पण खांदा गच्च राहतो. चार महिने ते वर्षभर. त्यानंतर तो हळूहळू सुटतो, त्याला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. मधुमेहात हा आजार जास्त आढळतो, जास्त चिवट असतो आणि काहींना पुढं दुसऱ्या खांद्यातही होतो. म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, आणि थायरॉईडची तपासणी आत्ताच करून घ्या.

इंजेक्शनबद्दल. तुम्ही पहिल्या टप्प्यात दिसता, आणि सांध्यात दिलेल्या स्टेरॉईडचा खरा उपयोग याच टप्प्यात होतो. खांदा थंड पडून नुसता गच्च राहिल्यावर हा उपयोग कमी होतो. साधारण ४० मिलिग्रॅम औषध बधिर करणाऱ्या औषधासोबत देतात. साखर वाढते, हे खरं आहे. पण ती दोन दिवसांपासून आठवडाभर चढलेली राहते आणि उतरते. तेवढे दिवस सकाळी उपाशीपोटी आणि संध्याकाळी साखर मोजा, गोळ्यांचा किंवा इन्सुलिनचा डोस तात्पुरता वाढवायचा का हे आधीच विचारून ठेवा. साखर मुळातच ३०० च्या घरात असेल तर आधी ती खाली आणा, मग सुई. दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिन्यांचं अंतर हवं. नंतर ताप आला, सांधा लाल-गरम झाला तर सांध्यात पू झाल्याची भीती असते. त्याच दिवशी दाखवा.

सुई घेतली तरी व्यायाम सुटत नाही. आधी दहा मिनिटं शेक द्या. बऱ्याच वर्षांच्या साखरेत कातडीची जाणीव कमी झालेली असते, म्हणून शेकाची पिशवी चांगल्या हातानं तपासून मगच लावा. शेकानं भाजलेले खांदे आम्ही पुष्कळ बघतो. मग डावा हात टेबलावर टेकून पुढं वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि लहान गोल फिरवा, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, दोन-दोन मिनिटं. भिंतीकडं तोंड करून बोटांनी वर चढा आणि जिथं ताण लागेल तिथं वीस आकडे मोजून थांबा. खांदा कानाकडं उचकटून चढलात तर तो व्यायाम धरू नका. तिसरा सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा: कोपर आणि बरगडीमध्ये घडी केलेला टॉवेल धरा, दोन्ही हातांत लाटणं आडवं घ्या आणि डाव्या हातानं लाटणं ढकलून उजवा पंजा बाहेर न्या. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून तीनदा. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात शमलं तर मात्रा बरोबर; रात्रभर ठणकलं तर उद्या निम्मं करा.

पाच-सहा महिने नीट प्रयत्न करूनही खांदा सुटला नाही तर दुर्बिणीतून पिशवी मोकळी करतात. भूल देऊन हात फिरवून चिकटलेलं तोडायची पद्धतही आहे, पण हाड ठिसूळ असेल तर त्यात दंडाचं हाड मोडू शकतं. भूल न देता तेल लावून ओढणाऱ्याच्या हाती तर काहीच मोजमाप नसतं.

मानेच्या एक्स-रेत मणके झिजलेत असं आलं. उठताना-वळताना चक्कर येते. मानेचा पट्टा किती महिने लावू? — एक निवृत्त शिक्षक, औसा

गुरुजी, पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढा, झीज दिसेल. अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल तर दोष बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागात आहे आणि डोकं ठरावीक क्रमानं फिरवून तो बऱ्याचदा एक-दोन बैठकांत जातो. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. बसल्यावरून उठताना अंधारी येत असेल तर बीपी आणि त्याच्या गोळ्या तपासा. मान फार धरली असेल तेव्हा पट्टा आठवडाभर पुरे. महिनोन्महिने लावला तर मानेचे स्नायू दुबळे होतात आणि मग पट्टा काढवत नाही. सदऱ्याची गुंडी लावताना बोटं अडखळणं, चालताना पाय अडकणं हे मात्र चकरेपेक्षा गंभीर; त्यात मानेतला मज्जारज्जू दबलेला असू शकतो आणि एमआरआय लांबवू नये. दाढीनंतर न्हाव्याकडून मान कडकन मोडून घ्यायची सवय असेल तर ती सोडा. मानेतून मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी त्या झटक्यानं फाटल्याची उदाहरणं आहेत.

मुलगा सहा वर्षांचा. दोन महिन्यांपूर्वी चिंचेवरून पडला, कोपर सुजलं. गावच्या हाडवैद्यानं लेप लावून कामट्या घट्ट बांधल्या. लेकरू रात्रभर रडलं. तिसऱ्या दिवशी सोडलं तर बोटं काळीनिळी, हातावर फोड. आता हाड जुळलं, पण बोटं वाकलेली राहतात. मालीश चालू आहे. सरळ होतील का? — एक वडील, जिंतूर

मालीश आजच बंद करा. मुलांच्या कोपराला मार लागल्यावर चोळलं की स्नायूत हाड धरतं आणि कोपर कायमचं अडतं.

एक गोष्ट करून बघा. मुलाचं मनगट तळव्याच्या बाजूला वाकवा. बोटं सैल पडून सरळ होतात का? आता मनगट वर उचला. बोटं आपोआप मुठीत ओढली जातात का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर हे फोल्कमन आकुंचन आहे. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमन यांनी १८८१ मध्ये त्याचं वर्णन केलं. दंडाचं हाड कोपराच्या लगेच वर मोडतं तेव्हा त्याच्या समोरून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि मध्यवर्ती नस जाते. आत सूज वाढत असते, वरून कामट्यांनी आवळलेलं, मग दाब एवढा चढतो की पुढच्या हाताच्या, म्हणजे कोपर ते मनगट या भागातल्या, खोल स्नायूंना रक्त पोचत नाही. सहा तासांपर्यंत मोकळं केलं तर स्नायू वाचायची आशा असते. त्यानंतर ते मरत जातात, त्यांच्या जागी ताठ धागे तयार होतात आणि ते बोटांना आत ओढून धरतात.

‘सरळ होतील का’ याचं उत्तर किती स्नायू जिवंत आहेत यावर आहे. त्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञानं बोटं एकेक करून तपासायला हवीत आणि नसांची तपासणी व्हायला हवी. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जुने सगळे एक्स-रे घेऊन जा. सौम्य प्रकारात रात्री लावायची आधारपट्टी, जी दर एक-दोन आठवड्यांनी थोडी थोडी सरळ करत नेतात, आणि दिवसभर बोटांचे व्यायाम यांनी पुष्कळ सुधारतं. मधल्या प्रकारात आखडलेले स्नायू हाडावरून सोडवून खाली सरकवतात. फार नुकसान असेल तर मनगट वर उचलणाऱ्या बाजूचा चांगला कंडरा बोटं वाकवण्यासाठी जोडतात. हात पहिल्यासारखा होईल असं कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पेन धरता येईल, ताटातला घास घेता येईल, इथवर पोचणं पुष्कळदा शक्य असतं. ‘मोठा झाला की बघू’ असं करू नका. हाडं वाढतात, मेलेला स्नायू वाढत नाही, आणि वाकडेपणा वर्षागणिक वाढतो.

इतर पालकांसाठी. लेकरू झाडावरून पडून कोपर सुजलं तर हातातलं कडं, काळा दोरा आधी काढा. कोपर आहे त्या, थोडं वाकलेल्या स्थितीत ठेवा. सरळ करायला किंवा पूर्ण दुमडायला जाऊ नका. पुठ्ठ्याचा आधार द्या, उपरण्याची झोळी करा, बांधताना एक बोट आत सहज गेलं पाहिजे. खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. वाटेत दर पंधरा मिनिटांनी नख दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. लेकराचं रडणं थांबत नाही, बोटं कुणी हळूच सरळ केली तरी किंचाळतं, बोटं गार आणि बधिर पडतात, असं दिसलं तर बांधलेलं सगळं कातडीपर्यंत कापून मोकळं करायचं आणि निघायचं. दवाखान्यातलं प्लास्टर घट्ट झालं तरी हेच घडतं, त्यामुळं तिथूनही रात्री परत जायला संकोच नको. हाड सरकलं असेल तर बहुधा भूल देऊन ते बसवतात आणि बारीक तारा घालतात. त्या तीन-चार आठवड्यांनी काढतात. पुढं कोपराचा ताठरपणा खेळता खेळता दोन-चार महिन्यांत जातो.

वय ३८, ऊसतोड करतो. कंबरेतून डाव्या पायात करंगळीपर्यंत कळ जाते. दीड महिना झाला. एमआरआयमध्ये शेवटच्या मणक्यातली गादी सरकून नस दबली असं आलं. एकानं ऑपरेशन सांगितलं, एकानं नको म्हटलं. पुढच्या हंगामाची उचल घेतलेली आहे. — एक वाचक, केज

तुम्हाला दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि दोघंही चूक असतीलच असं नाही. एमआरआयचा कागद एकटा काही ठरवत नाही. कंबर न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांचा एमआरआय केला तरी बऱ्याच जणांत गादी फुगलेली दिसते. बघायचं ते हे, की कागदावर दबलेली नस आणि तुमच्या पायातली कळ एकमेकांशी जुळतात का.

कंबरेत पाच मणके, त्याखाली माकडहाडाच्या वर त्रिकास्थी. पाचवा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधली गादी सरकली की बहुधा पहिली त्रिक नस दबते. तिची कळ मांडीच्या मागून, पोटरीतून पावलाच्या बाहेरच्या कडेनं करंगळीकडं जाते आणि त्या पायाच्या चवड्यावर उभं राहणं जड जातं. एक मणका वरची, म्हणजे चौथ्या-पाचव्यामधली गादी असेल तर कळ नडगीच्या बाहेरून अंगठ्याकडं येते आणि टाचेवर चालताना चवडा खाली पडतो. तुमची करंगळी शेवटच्या गादीशी जुळते आहे. आता भिंतीला बोट लावून डाव्या एकाच पायाच्या चवड्यावर दहा वेळा वर-खाली करा, मग उजव्या. दोन्ही सारखे जमले तर जोर शाबूत आहे. हे दर आठवड्याला करून लिहून ठेवा. दुखणं किती यापेक्षा हा आकडा डॉक्टरांच्या जास्त कामाचा.

गादीच्या मध्यभागी मऊ गर आणि भोवती चिवट कडं असतं. वाकून, त्यातच पीळ देऊन ओझं उचललं की मागच्या बाजूला कडं चिरतं आणि गर नसेवर येतो. लोक म्हणतात तसं दोन मणक्यांमधलं अंतर वाढत नाही, गादी आटल्यानं ते कमीच होतं. बाहेर आलेला तुकडा मोठा असला तरी शरीर त्याला काही महिन्यांत जिरवत आणतं. त्यामुळं दहातले बहुतेक रुग्ण सहा ते बारा आठवड्यांत बिनऑपरेशनचे सावरतात. ऑपरेशननं पायाची कळ लवकर थांबते, हा ऑपरेशनचा खरा फायदा. वर्ष-दोन वर्षांनी मोजलं तर केलेल्यांत आणि न केलेल्यांत फरक पुष्कळ कमी झालेला असतो. नुसत्या कंबरदुखीसाठी गादीचं ऑपरेशन करू नये, असं आमचं मत आहे.

तुमचा दीड महिना झाला आहे. जोर शाबूत असेल, कळ थोडी तरी उतरणीला लागली असेल तर आणखी सहा आठवडे थांबा. कळ तशीच असह्य असेल, जोर घटत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. आणि पुढचं सगळ्या घरानं वाचावं: लघवी तुंबणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांतला जोर जाणं. यांतलं काहीही दिसलं तर कण्याच्या खालच्या टोकाला शेपटीसारख्या सुटलेल्या सगळ्या नसा एकदम दबल्या आहेत. ऑपरेशन त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावं लागतं. उशिरा केलं तर कळ जाते, लघवीवरचा ताबा परत येईलच असं नाही. १०८ ला फोन करून अंबाजोगाई, लातूर, जे जवळ पडेल ते वैद्यकीय महाविद्यालय गाठा.

अंथरुणावर दोन दिवसांपेक्षा जास्त पडू नका. सपाट जागी दहा-दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा चाला. कळ पायातून कंबरेकडं वर सरकू लागली की ते सुधारण्याचं लक्षण. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या उन्हात, कमी पाण्यावर राबताना सलग खाऊ नका, मूत्रपिंडाला मार बसतो. झिणझिण्यांच्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या घेऊन मोटारसायकल जपून. कंबरपट्टा कामापुरता, घरी काढून ठेवायचा.

राहिली उचल. बरं वाटल्यापासून निदान तीन महिने डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणं नको. ‘ओझं उचलू नका’ हा सल्ला टनावर मजुरी घेणाऱ्याला देणं सोपं आहे, हे आम्हालाही कळतं. मुकादम काही एमआरआय बघून उचल सोडून देत नाही. तरी जे हातात आहे ते एवढं: तीस-चाळीस किलोच्या एका मोळीच्या दोन करायच्या. गुडघे वाकवून मोळी पोटाशी चिकटवून उचलायची, कंबरेतून पीळ न देता पायांनी वळायचं. पहाटे उठल्या उठल्या अर्धा-पाऊण तास वाकून तोडणी टाळायची, कारण रात्रभरात गादी पाणी शोषून फुगलेली असते आणि त्या वेळी वाकल्याचा ताण तिच्यावर सर्वांत जास्त येतो. त्या वेळात वाढं बांधणं, पाणी भरणं असलं उभ्यानं होणारं काम घ्यायचं. ऑपरेशन करायचंच ठरलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

कबड्डीत खांदा निखळला. मैदानावरच मित्रांनी ओढून बसवला. वर्षात तीन वेळा झालं. वय २१. — एक वाचक, उदगीर

पहिल्या वेळी गोळा पुढच्या बाजूला सरकताना वाटीची कडेची गादी पुढून उचकटली आणि गोळ्याच्या मागं खड्डा पडला. विशीच्या आत-बाहेर ही कडा आपली आपण नीट चिकटत नाही, म्हणून या वयात खांदा पुन्हा निखळण्याचं प्रमाण फार मोठं असतं. प्रत्येक वेळी हाड आणखी झिजतं. आता व्यायामावर भागणार नाही. एमआरआय आणि वाटीचं हाड मोजण्यासाठी सीटी स्कॅन करा. हाड पुरेसं असेल तर दुर्बिणीतून कडा शिवतात. वाटीची साधारण पाचवा हिस्सा कडा झिजली असेल तर फऱ्याच्या चोचीसारख्या हाडाचा तुकडा तिथं स्क्रूनं बसवतात. पकडीच्या खेळात परत जायला पाच-सहा महिने धरा. मित्रांना सांगा: पुढं कुणाचा निखळला तर ओढू नका. आधी दंडाच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर आहे का बघा, तिथली नस दुखावलेली असू शकते, आणि हाड मोडलेलं असेल तर ओढण्यानं ते सरकतं. झोळीत हात घालून दवाखाना. बसवण्याआधी आणि नंतर एक्स-रे.

वय ५८. मान वळत नाही, पाठ काठीसारखी ताठ, कोपरं पूर्ण उघडत नाहीत. तीस वर्षं बोअरचं पाणी पितो. वाडीतल्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी आहेत. हा संधिवातच का? — एक शेतकरी, किनवट

तुम्ही दातांचं लिहिलंत, तिथंच अर्धं निदान झालं. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः तुमच्या भागात, खोल बोअरच्या पाण्यात खडकातून फ्लोराईड उतरतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५. वर्षानुवर्षं याहून जास्त पोटात गेलं की हाडं दाट होतात आणि त्यांना जोडणारे बंध हाडासारखे कडक होतात. कणा वाकेनासा होतो. दात मात्र ज्यांनी आठ वर्षांच्या आत असं पाणी प्यायलं त्यांचेच डागाळतात, म्हणून बाहेरून नांदायला आलेल्या सुनेचे दात स्वच्छ आणि पाठ ताठ, असं दिसू शकतं.

पाठीबरोबर पुढच्या हाताचाही एक्स-रे काढायला सांगा. तिथल्या दोन हाडांमधल्या पडद्यात चुना धरलेला दिसला तर शंका उरत नाही. लघवीतलं फ्लोराईडही मोजता येतं. तरुणपणी सुरू होणारा, सकाळी जास्त आखडणारा आणि हालचालीनं मोकळा होणारा कण्याचा संधिवात वेगळा. त्याला औषधं आहेत, तो नाही ना हे पाहून घ्यावं. हातापायांत जडपणा, चालताना अडखळणं सुरू झालं असेल तर मानेतली नलिका अरुंद होऊन मज्जारज्जू दबतो आहे. अशा वेळी मेंदू-मणक्याच्या तज्ज्ञाला दाखवा.

हाडात बसलेलं फ्लोराईड काढणारी गोळी नाही. पाणी बदललं की ते वर्षानुवर्षं थोडं थोडं निघतं, पुढची वाढ थांबते, दुखणं उतरतं. पाणी उकळू नका. उकळल्यानं फ्लोराईड जात नाही, पाणी आटून ते दाटच होतं. मेणबत्ती फिल्टर आणि अतिनील दिव्याच्या यंत्राचाही उपयोग नाही. आरओ किंवा सक्रिय अ‍ॅल्युमिनाचं गाळण चालतं, पण गाळलेलं पाणी सहा महिन्यांनी तपासा, कारण अ‍ॅल्युमिना भरला की ते नुसतं नळकांडं उरतं. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. बोअर, आड आणि नळ, तिन्हींचं पाणी वेगवेगळ्या स्वच्छ प्लास्टिकच्या बाटल्यांतून द्या. उथळ आडाचं पाणी पुष्कळदा बोअरपेक्षा बरं निघतं, मात्र त्यात जंतू असतात, ते निर्जंतुक करूनच प्या. पावसाचं पत्र्यावरून धरलेलं पाणी, पहिला पाऊस सोडून, स्वयंपाकाला उत्तम. आहारात दूध, ज्वारी-बाजरीसोबत तीळ, आवळा-लिंबू असू द्या. दिवसाचे सात-आठ कप कोरा चहा कमी करा, चहाच्या पानातही फ्लोराईड असतं. आणि लहान पोरांचं पाणी सगळ्यांत आधी बदला.

आईचं वय ६०. तीन महिन्यांपासून पाठीच्या मध्यभागी दुखतं, रात्री जास्त. संध्याकाळी कणकण, वजन उतरलं. मणक्यावर थोडा उंचवटा दिसतो. दोन ठिकाणी कंबरदुखीच्या सुया घेतल्या. — एक वाचक, पैठण

हे पत्र आम्हाला आधी मिळायला हवं होतं. विश्रांतीनं न थांबणारं रात्रीचं दुखणं, कणकण, वजन घटणं आणि पाठीवर उंचवटा, हे चित्र मणक्याच्या क्षयाचं आहे. दुसरी शक्यता कर्करोगाच्या गाठीची. दोन्हींत चोळणं, पाठीवर पाय देणं, मणका ‘बसवणं’ यांनी पोखरलेला मणका कोसळू शकतो. त्या सुयांत स्टेरॉईड होतं का हेही विचारा, त्यानं लक्षणं झाकली जातात.

एक्स-रे, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) आणि पूर्ण कण्याचा एमआरआय करा. क्षयात दोन शेजारचे मणके आणि त्यांच्यामधली गादी पोखरलेली दिसते, बाजूला पू असतो. गाठीत गादी बहुधा वाचलेली असते. तरीही औषध सुरू करण्यापूर्वी सुईनं नमुना काढून सीबीनॅट, म्हणजे क्षयाचे जंतू ओळखणारी तपासणी करून घ्यावी, म्हणजे आजार पक्का होतो आणि रिफाम्पिसिनला जंतू दाद देतात का तेही कळतं. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं कमी. मणक्यासाठी एकूण किमान बारा महिने, कधी अठरा. सहा महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडलेला क्षयच पुन्हा उलटतो. लघवी केशरी होईल, घाबरू नका. डोळ्यांना धूसर दिसलं, कावीळ झाली तर मात्र लगेच कळवा. बसता-उठताना पाठीला आधाराचा पट्टा लागतो, तो डॉक्टर मापानं देतात. पाय जड पडू लागले, चालताना लटपटू लागले तर ऑपरेशनचा विचार त्याच आठवड्यात.

फुप्फुसात क्षय नसेल तर घरातल्यांना लागण होत नाही, आईचं ताट वेगळं करू नका. सरकारी दवाखान्यात औषधं मोफत आहेत, आणि निक्षयमध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नाव लागलं की पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. त्यासाठी आधार आणि बँकेचं पासबुक पहिल्याच खेपेला सोबत घेऊन जा.